बिल्ल्याची मागची बाजू

इकडे इंग्लंडात रविवारच्या जुन्या बाजारात पलटणींचे टोपीवरचे बिल्ले काचेच्या पेटीत मांडून ठेवलेले असतात. जाणकार गिऱ्हाईक बिल्ला हातात आला की आधी उलटा करतं. पुढून मुकुट असो की हरीण, तो टोपीवर कसा बसायचा आणि मध्ये कोणी त्याच्याशी खेळ केलाय का, हे मागूनच कळतं. आपल्या लष्कर भागात (ग्वाल्हेरच्या, पलटणीतल्या नव्हे) आजोबांच्या ट्रंकेत असा एखादा बिल्ला असेल, तर तो सराफ्यात नेण्याआधी हे वाचा.

जुनी आणि भरवशाची पद्धत कड्यांची. बिल्ल्यामागे तारेच्या दोन लहान कड्या पक्क्या डाखलेल्या असतात. टोपीला दोन भोकं, त्यांतून कड्या आत जातात आणि आतल्या बाजूने दोन्ही कड्यांतून एकच स्प्लिट पिन आडवी ओवतात. सायकलच्या क्रँकमधली जाड कॉटर पिन नव्हे. ही पितळी तारेची, दोन पायांची. कड्यांमधल्या अंतरापेक्षा निदान एक सेंटिमीटर लांब हवी. तिचे पाय किंचितच फाकवायचे. पार मुडपले तर काढताना सरळ करावे लागतात, आणि दोन-चार वेळा असं झालं की पाय तुटतो. पिन आणि कपाळ यांच्यामध्ये चामड्याचा किंवा नमद्याचा तुकडा घाला, नाहीतर तासाभरात कपाळावर वळ उठतो.

भोकांसाठी कात्री घेऊ नका. कड्यांची टोकं कागदावर दाबून खुणा घ्या, कागद टोपीवर धरा आणि चांभाराच्या आरीने टोचा. आरी धागे बाजूला सारते, त्यामुळे कापड कडीला घट्ट धरून बसतं; कापलेलं भोक मात्र उसवत जातं. बेरेवर (मऊ, चपट्या गोल लष्करी टोपीवर) जागा ठरलेली आहे : पट्टा भुवईच्या इंचभर वर, सरळ आडवा, आणि बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर. बिल्ल्यामागे रंगीत कापड लावायचं असेल तर आधी जाडी बघा. नमदा जाड झाला की कडी आत पुरेशी येत नाही आणि पिन ओवता येत नाही. मग लोक बिल्ला अंगठ्याने दाबतात आणि पातळ पितळ मधोमध वाकतं.

दुसरी पद्धत उभ्या पट्टीची, इकडे तिला ‘स्लायडर’ म्हणतात. एकच चपटी पट्टी, वरच्या बाजूला डाखलेली. टोपीच्या चिरेतून ती खाली सरकवायची. लावायला-काढायला क्षणाचं काम, पण पट्टी ढिली झाली की बिल्ला डुलतो. घट्ट बसावी म्हणून ती सारखी वाकवत राहिलं तर डाखापाशीच तुटते. मुळापासून वाकवायची नाही. फक्त खालचं टोक बोटाने हलकेच आत वळवायचं.

दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला प्लास्टिकचे बिल्ले निघाले. त्यांच्यामागे मऊ धातूच्या पात्या असतात, त्या टोपीच्या आत दुमडायच्या. एकदा लावला की हलवू नका. पाती तुटली तर पुढे काही इलाज नाही.

मोडलेल्या कडीचं म्हणाल, तर पितळी बिल्ल्याला नवी कडी डाखता येते, पण त्याने बिल्ल्याची किंमत कमी होते. मागे सेफ्टी पिन डाखणं हा त्याहून वाईट उद्योग : उष्णतेने पुढचा मुलामा काळवंडतो. आणि १९५० नंतरच्या दशकांतले सोनेरी झगझगीत, हाताला हलके लागणारे बिल्ले पितळेचे नसतात, अ‍ॅनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेने वर रंगीत थर चढवलेल्या) अॅल्युमिनियमचे असतात. त्यांना साधा डाख धरतच नाही, आणि तापवलं की रंग जातो. ते आहेत तसेच डबीत ठेवलेले बरे.

कड्यांच्या मुळाशी हिरवा थर दिसतो तो जंगाल. चामड्याला लागून राहिलेल्या पितळेवर तो हमखास धरतो, पावसाळ्यात जास्तच. लाकडी टूथपिकने खरवडा. मागच्या बाजूला ब्रासो लावू नका. कोपऱ्यात तो पांढरा होऊन बसतो आणि निघता निघत नाही.

एका पलटणीची गंमत सांगतो. ग्लॉस्टरशायर रेजिमेंट टोपीच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन बिल्ले लावायची. १८०१ साली अलेक्झांड्रियाच्या लढाईत त्यांची २८वी पलटण पाठीला पाठ लावून दोन्ही बाजूंनी लढली, त्याचा तो मान. बाजारात त्यातला मागचा छोटा बिल्ला एकटाच दिसला तर अर्धवट समजून सोडू नका. तो वेगळाच बिल्ला आहे.