मध्यरात्रीचा पहारा

श्रावण वद्य पंचमी, पहाटेचे साडेचार

देवळातून आत्ताच घरी आलो. सदरा घामाने भिजला आहे, बाहेर पाऊस लागून राहिला आहे, आणि आता झोप येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे वही उघडली आहे.

आमच्या गावच्या भजनी सप्ताहाला सप्ताह म्हणत असले तरी तो चोवीस तासांचा असतो. काल सकाळी सहा वाजता देवापुढे गाऱ्हाणे घालून समई पेटवली. ती आणि तिच्याभोवती चाललेले नाम आज सकाळी सहापर्यंत अखंड राहिले पाहिजे. आठ प्रहरांचे आठ पहारे. गावात वाडे, म्हणजे वस्त्या, सहाच असल्यामुळे दोन मोठ्या वाड्यांकडे दोन-दोन पहारे असतात. आमचा वाडा लहान आहे आणि आमच्याकडे रात्री बारा ते तीन हा पहारा माझ्या आजोबांच्याही आधीपासून आहे. तीन वाजता पलीकडच्या वाड्याची माणसे टाळ घेऊन आत येतात आणि आमच्या नामात आपला आवाज मिसळतात. नाम मध्ये तुटता कामा नये, म्हणून आधी येणाऱ्यांचा आवाज चढतो आणि मगच जाणाऱ्यांचा उतरतो. त्या मधल्या अर्ध्या-पाऊण मिनिटात देवळात दुप्पट माणसे गात असतात. सगळ्या चोवीस तासांत मला ती वेळ सर्वांत प्रिय आहे. आज माझ्या टाळाच्या जागी ज्याने टाळ धरला तो मुलगा जेमतेम पंधरा वर्षांचा असेल. डोळ्यांत झोप होती, केस पावसाने ओले होते, पण तो तीन वाजायला पाच मिनिटे असतानाच येऊन उभा होता.

आमच्याकडे गोव्यात घरात, शेतात, बाजारात कोकणी बोलतात, आणि आरती, भजन, कीर्तन, जत्रेतले नाटक मराठीत होते. आजोबांनी पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, पंतोजींकडून मराठी अक्षरे गिरवली, ती पोथी वाचता यावी म्हणून. मी ही वही मराठीत लिहितो त्याचे मूळ तिथे आहे. जी भाषा देवापुढे उभे राहण्यासाठी शिकलो, तिच्यात खोटे लिहायला मन धजत नाही.

हे सगळे आज लिहावेसे वाटले, कारण पहाऱ्यावर मध्येच एकदा आठवले की हा टाळ मी पहिल्यांदा 2013 च्या श्रावणात धरला. तेव्हा माझे वय चाळिशीला आले होते. त्याआधी प्रत्येक वर्षी मी पाळीचे काम आहे असे सांगून पहारा चुकवीत असे.

1998 साली मी डिचोली तालुक्यातल्या एका लोहखनिजाच्या खाणीवर वजनकाट्यावर कारकून म्हणून लागलो. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, मी वजन टिपून घ्यायचो, रिकाम्या ट्रकाचे वजन वजा करायचो आणि पावती फाडून चालकाच्या हाती द्यायचो. तिथून माल नदीच्या धक्क्यावर, धक्क्यावरून बार्जमध्ये आणि बार्जमधून मांडवीच्या पात्रातून मुरगाव बंदरात जात असे. 2010 च्या सुमारास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले, आणि त्या दिवसांत आमच्या काट्यावर पहाटे तीनपासून ट्रकांची रांग लागत असे, कारण पहिली खेप ज्याची लवकर निघेल त्याची दिवसाची एक खेप वाढायची. रस्त्याकडेची काजूची पाने, घरांची कौले, दोरीवरचे कपडे, सारे तांबडे होऊन जायचे. मला त्या कामाचा अभिमान होता, हे मी आजही लपवणार नाही. शंभर चालक मला नावाने ओळखत होते आणि माझ्या पावतीवाचून एकही चाक पुढे सरकत नव्हते.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही खाणकामाला स्थगिती दिली. त्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, बंदीनंतर आठ-नऊ दिवसांवर आली होती. पगाराचे काय होणार हे कळत नव्हते, म्हणून माटोळीचे सामान बाजारातून आणायचे नाही असे आईने ठरवले. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला आंबाडे, कवंडळे, सुपारीची शिपटी, तोरिंग, चिबूड, कांगले आणि रानातली कितीतरी फळे-फुले बांधतात. काटा हातात आल्यापासून मी ती सारी विकत आणत होतो. त्या वर्षी आईबरोबर डोंगरावर गेलो. तिचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. ती ज्या वाटेने लहानपणी कांगले काढायला जात असे, त्या वाटेवर अर्धा तास चालल्यावर ती थांबली. पुढे डोंगर नव्हता. खाली पाण्याने भरलेला हिरवट खड्डा होता आणि पलीकडे मातीचा ढीग. कांगल्यांचे वेल होते ते उताराचे अंग तिथून निघून गेले होते. आई काही बोलली नाही. तिने मागे वळून दुसरी वाट धरली, आणि आम्ही माट्टीची फळे तेवढी घेऊन घरी आलो.

तो उतार दहा-दहा टनांनी माझ्या काट्यावरून गेला होता. मी त्याच्या पावत्या फाडल्या होत्या. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षे लागली. खाण बंद होण्याचे दुःख आणि डोंगर गेल्याचे दुःख ही दोन्ही माझ्यात एकाच वेळी आहेत, आणि त्यांतले एक खोटे ठरवून दुसऱ्याला कवटाळणे मला जमलेले नाही. गावात अनेकांचे असेच आहे, फक्त सभेत बोलताना प्रत्येकाला एकच बाजू घ्यावी लागते.

त्यानंतरचे अकरा महिने मी घरी बसून काढले. पैशाची ओढाताण होती, पण ती सोसता आली. पहाटे तीन वाजता जाग यायची आणि माझी कोणीही वाट पाहत नाही हे कळायचे, ते सोसत नव्हते. मी अंथरुणात पडून रस्त्याचा कानोसा घेत असे. रस्ता शांत असायचा.

भाऊ श्रावणात घरी आले. सारा गाव त्यांना भाऊ म्हणतो, म्हणून मीही इथे तेवढेच लिहितो. ते माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, पेटी वाजवतात, आणि त्यांची वडिलोपार्जित चित्रशाळा आहे, म्हणजे चवथीच्या मूर्तींचा कारखाना. ते ओसरीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "वाड्यातली तरणी मुले बाहेर गेली, कोणी बोटीवर, कोणी पुण्याला. बाराच्या पहाऱ्याला यंदा चारच माणसे आहेत. तू आलास तर पाच होतील." माझी विचारपूस करायला आलो आहे असे ते एका शब्दाने म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी गेलो नसतो. कोणी कीव करायला आले की माणूस दार लावून घेतो. इथे मात्र पहाऱ्याला खरेच एक माणूस कमी होता, आणि ती जागा भरायला मी हवा होतो.

मी गेलो. मला चाल येत नव्हती, टाळ हातात बसत नव्हता. समईभोवती फेर धरून चालताना गार लादीवर पाय पडत होते आणि तोंडाने "जय जय राम कृष्ण हरी" एवढेच चालले होते. दोन वाजेपर्यंत माझे मन घराच्या हप्त्यांत होते. दोननंतर गळा बसला, पाय जड झाले, आणि पाच माणसांचे पाच आवाज वेगळे ऐकू येईनासे झाले. एकाचा आवाज खाली गेला की दुसरा तो उचलत होता. समईत तेल घालायला माझी पाळी आली तेव्हा हात कापत होता. मला देवाचा साक्षात्कार झाला असे मी म्हणणार नाही, तसे काही झाले नाही. पण तीन वाजता बदलीची माणसे आत आली तेव्हा मला पहिल्यांदा कळले की बारा वाजता आमच्या आधीची माणसे माझीसुद्धा वाट पाहत होती. मी आलो नसतो तर त्यांतल्या एखाद्याला आणखी तीन तास उभे राहावे लागले असते. अकरा महिन्यांनी कोणाला तरी माझ्या येण्याने हलके वाटले होते. माझ्या श्रद्धेची सुरुवात ही अशी झाली. ती पुढे किती वाढली याचे माप माझ्यापाशी नाही. मन लागो वा न लागो, बाराच्या आधी पाच मिनिटे मी देवळात असतो.

सप्ताहानंतर भाऊंनी चित्रशाळेत माती मळायला बोलावले. शेतातली चिकण माती भिजत घालायची, हाताने चाचपून खडे काढायचे आणि मग ती लोण्यासारखी होईपर्यंत तुडवायची. पहिल्या वर्षी मला तेवढेच काम होते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक हातभर मूर्ती माझ्यावर सोपवली. पावसाळी हवेत माती लवकर वाळत नाही, म्हणून घाई करून मी ती दिव्याजवळ सरकवली, आणि सकाळी पाहतो तर सोंडेला वरपासून खालपर्यंत तडा गेलेला. मला रडू आले. भाऊंनी मूर्तीला हात जोडले, ती मोडून पाण्याच्या टोपात घातली आणि मला समोर बसवून तिचीच माती पुन्हा मळायला लावली. मूर्ती फिरून उभी राहिली. ज्यांच्या घरी ती गेली, त्यांना हे आजही माहीत नाही.

2015 मध्ये काही खाणी सुरू झाल्या आणि मला काट्यावर परत बोलावले. मी गेलोही, घर चालवायचे होते. मात्र आषाढापासून चवथीपर्यंतच्या संध्याकाळी चित्रशाळेच्याच राहिल्या. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि 16 मार्चपासून काम पुन्हा थांबले, तेव्हा मी शेवटचा हिशोब लिहून चावी दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंकडे गेलो. आता वर्षातले चार-पाच महिने मातीचे आणि उरलेले कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, मजुरीचे. कमाई काट्याच्या निम्मीसुद्धा नाही. बायकोने शिवणकाम वाढवले म्हणून निभावले, हे लिहिले नाही तर ही वही अपुरी राहील.

आज देवळाबाहेर मांडवात माझा एक जुना सोबती बसला होता. तो ख्रिस्ती आहे, म्हापशाकडचा. बारा वर्षे त्याचा ट्रक माझ्या काट्यावर चढत होता. आता त्याच्याकडे लहान टेम्पो आहे. शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरी माता, या बहिणी आहेत अशी आमच्याकडे श्रद्धा आहे, आणि त्याच्या घरून लईराईच्या जत्रेला मोगऱ्याची फुले जातात. दर सप्ताहाला तो रात्री येतो आणि बारा ते तीन बाहेर बाकावर बसून राहतो, कारण त्यालाही तीनची जाग अजून सुटलेली नाही. चवथीच्या आदल्या दिवशी चित्रशाळेतल्या मूर्ती घरोघर पोचवायचे काम त्याचे. एका खेपेसाठी जो वळणावर ब्रेक लावत नसे, तो मूर्ती मागे असताना टेम्पो इतका सावकाश चालवतो की मुले शेजारून चालत आरती म्हणू शकतात. दर खड्ड्याशी तो काच खाली करून मागे विचारतो, "पात्रांव, बरे मरे?", म्हणजे मालक, ठीक ना? आज त्याने विचारले, यंदा किती मूर्ती. मी म्हणालो, 83 पाट आले आहेत, एक यायचा आहे.

पाटाचे सांगायला हवे. आमच्याकडे मूर्ती सांगताना घरचा पाट चित्रशाळेत आणून देतात आणि मूर्ती त्याच पाटावर घरी जाते. आषाढापासून पाट येऊ लागतात आणि भिंतीशी एकावर एक रचले जातात: फणसाचे, सागाचे, कोणाच्या मागे तेलरंगात घराचे नाव, कोणाच्या मागे जुन्या मातीचे डाग. मला आता नाव न वाचता पाट ओळखू येतात. त्यांतला एक पलीकडच्या वाड्यातल्या एका आजींचा. त्या घरात एकट्या राहतात, मुलगा बोटीवर असतो, आणि दर वर्षी त्या नागपंचमीच्या आत पाट डोक्यावर घेऊन येतात व म्हणतात, गेल्या वर्षीसारखीच, वीतभर. यंदा नागपंचमी होऊन पंधरा दिवस झाले तरी पाट आला नव्हता. परवा भाऊंना म्हणालो, आजींकडे जाऊन येऊ का. ते म्हणाले, सप्ताह होऊ दे, मग जा.

मघाशी देवळातून येताना पाऊस चुकवायला चित्रशाळेच्या पडवीत शिरलो. विजेरी लावली तर दाराला टेकून तो पाट उभा. भिजू नये म्हणून वरून प्लास्टिकचा कागद बांधला होता आणि कागदाची गाठ सुंभाची होती. रात्री कधीतरी कोणाकडून तरी पाठवला असणार. तीनच्या पहाऱ्याला आलेल्या त्या मुलाचा वाडा तोच. मी कुलूप काढून पाट आत घेतला, फडक्याने कोरडा केला आणि बोटांनी मोजला. वीत आणि चार बोटे. चवथीला चौदा दिवस आहेत. वीतभर मूर्ती पंख्याखाली सात-आठ दिवसांत वाळेल, रंगाला तीन दिवस, शेवटी डोळ्यांची आखणी भाऊ करतील. टोपात दोन गोळे माती भिजत घालून, वर ओले गोणपाट टाकून घरी आलो.

देवळातला आवाज इथवर ऐकू येतो आहे. सहाला सांगता आहे. स्नान करून पुन्हा निघतो.