आलोच आहोत तर

परवा दुपारी विमानाची तिकिटं बघत बसले होते. एक बऱ्यापैकी सापडलं, फक्त मध्ये नऊ तास चाळीस मिनिटांचा थांबा. माझे डोळे लगेच चमकले, कारण थांबा म्हणजे माझ्या हिशेबात फुकटात मिळालेलं शहर. लेक मागून पाणी प्यायला चालली होती, तिने जाता जाता स्क्रीनवर नजर टाकली, "वा, नऊ तास झोप" म्हणाली आणि गेली.

आता नऊ तास चाळीस मिनिटं ही काही खरी नऊ तास चाळीस मिनिटं नसतात, हे ज्याने केलंय त्याला माहितीये. विमान टेकतं तेव्हापासून दार उघडेपर्यंत एक युग जातं, मग इमिग्रेशनची रांग, परत यायचं तर निदान अडीच तास आधी, पुन्हा सिक्युरिटी, पुन्हा बूट काढा, आणि आपलं गेट नेमकं पार त्या टोकाला. हातात राहतात साडेचार, फार तर पाच. आणि ते कुठे राहतात यावर सगळं. स्किपोलला विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे, पंधरा-वीस मिनिटांत अ‍ॅमस्टरडॅम सेंट्रल. झुरिचला त्याहून कमी. उलट नारिता घ्या, तिकिटावर टोकियो म्हणून मिरवतं पण शहर साठेक किलोमीटरवर, तिथे शहाण्याने टोकियोचा नाद सोडून नारिता गावातलं जुनं देऊळ बघून यावं, ट्रेनने दहा मिनिटं. सिंगापूरच्या चांगीला निदान साडेपाच तासांचा थांबा असला की विमानतळवालेच फुकट शहर फिरवून आणतात, नाव नोंदवलं की झालं. पण तिथला तो ज्वेल नावाच्या मॉलमधला ४० मीटरचा धबधबा, ज्याचे सगळे फोटो टाकतात, तो बघायला इमिग्रेशन ओलांडावं लागतं, ते बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं. आणि हो, सगळ्याच्या आधी व्हिसा बघायचा, नाहीतर नऊ तास ड्यूटी फ्रीमधल्या अत्तरांचा वास घेत बसायचं.

हे सगळं मला पाठ आहे. घरात कुणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी.

वयात आलेली मुलं घेऊन फिरताना खरी अडचण विमानतळाची नसतेच. अडचण असते ती 'आलोच आहोत तर' ची. आलोच आहोत तर ते चर्च पण बघून घेऊ. आलोच आहोत तर वर चढून जाऊ, परत कधी येणार. हे वाक्य तोंडातून निघालं की आमच्याकडे दोन हुडी एकदम डोक्यावर ओढल्या जातात. आणि गंमत म्हणजे हे मला वारशात मिळालंय. बाबा सुट्टीत आम्हाला कुठेही न्यायचे तेव्हा पहाटे पाचला दिवा लावायचे, आणि त्यांच्याकडे एक घडी घालून घालून पार फाटलेला कागद असायचा, त्यावर ठिकाणं, आणि बघून झालेल्या ठिकाणापुढे बरोबरची खूण. म्युझियममध्ये ते प्रत्येक, म्हणजे अक्षरशः प्रत्येक, वस्तूखालची पाटी वाचायचे. मोठ्याने.

अशाच एका म्युझियममधलं मला काय आठवतं तर तिथला राखणदार. दालनाच्या कोपऱ्यात लाकडी खुर्चीवर बसलेला, आणि खुर्चीखाली त्याने बूट काढून ठेवलेले, लेस न सोडता, टाचा चेपून. राखाडी मोजे, उजव्या अंगठ्याला भोक, आणि तो त्या भोकातून अंगठा बाहेर काढायचा, आत घ्यायचा, बाहेर काढायचा, आत घ्यायचा. चेहरा मात्र एकदम कडक. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. मध्येच त्याला कळलं की मी बघतेय, त्याने अंगठा आत घेतला आणि मग जरा थांबून, माझ्याकडे बघत, पुन्हा बाहेर काढला. त्या दालनात नाणी होती की मूर्ती, देवाशपथ आठवत नाही.

पुढे कधीतरी वाचनात आलं की या पाय दुखण्याला, डोकं बधिर होण्याला रीतसर नाव आहे. म्युझियम फटीग. बोस्टनच्या म्युझियममधल्या बेंजामिन गिलमन नावाच्या माणसाने १९१६ साली त्यावर लेख लिहिला, आणि त्यासाठी एका माणसाला काचेच्या पेट्यांपुढे वाकायला, उकिडवं बसायला, मान तिरकी करायला लावून त्याचे फोटो काढले, फक्त त्या पाट्या नीट वाचता याव्यात म्हणून माणसाला कसले कसले आकार घ्यावे लागतात ते दाखवायला. बाबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग काय झालं, वाचता आलं ना.

आणि पहाटे पाचचं म्हणाल तर ते मुलांच्या या वयात खरंच अन्याय आहे. नुसता आळस नाही तो. या वयात झोप आणणारं मेलाटोनिनच रात्री उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे अकराच्या आत झोप येत नाही, आणि लागते मात्र आठ ते दहा तास. म्हणजे सकाळी साडेसातला हॉटेलच्या लॉबीत तयार होऊन उभा असलेला सोळा वर्षांचा मुलगा हा निसर्गाच्या विरुद्ध उभा असतो. एकच सवलत आहे, पश्चिमेकडे उडायचं. तिकडे घड्याळ मागे जातं, शरीराला मात्र आधीचीच वेळ वाटत असते, मग पहाटे चार-साडेचारला ही मंडळी टक्क जागी, भूक लागलीये म्हणून आपल्याला हलवतात. रिकाम्या रस्त्यांवर, दुकानं बंद, गर्दी नाही, आणि मुलं हसतायत बिसतायत. दोन-तीन दिवस टिकतं हे. मग शरीर त्या देशाला सरावतं आणि दहाशिवाय दार उघडत नाही.

इस्तंबूलला एकदा तसाच लांबलचक थांबा होता. (तिथली विमान कंपनीसुद्धा सहा ते चोवीस तास थांबणाऱ्या आपल्या प्रवाशांना फुकट फिरवते, पण आम्ही आपले आपण गेलो, कारण बसमध्ये गाइड बोलतो आणि त्यावर आमच्याकडे बंदी आहे.) अया सोफिया. सन ५३७ मधली, मूळची चर्च म्हणून बांधलेली इमारत, तो घुमट, बघून मला शब्द सुचेना. मुलगा वरच्या सज्जात भिंतीला टेकून, चेहऱ्यावर 'झालं का' लिहिलेलं. तेवढ्यात त्याला संगमरवरी कठड्यावर एक काच लावलेली दिसली आणि काचेखाली ओरखडे. काय आहे ते शोधलं त्याने फोनवर, मला सांगायला आला, स्वतःहून, मी तारीख लिहून ठेवायला हवी होती. ते व्हायकिंगांच्या रूनिक लिपीतले ओरखडे, हजारेक वर्षांपूर्वीचे. नीट वाचता येतं ते फक्त हाफदान नावाचा काही भाग, बाकी झिजलंय. बहुधा बादशहाच्या पदरी असलेल्या उत्तरेकडच्या शिपायांपैकी कुणीतरी, खाली तासन्‌तास चाललेली प्रार्थना, भाषा कळत नाही, उभं राहायचं, मग खिशातला सुरा काढून नाव कोरत बसला असेल. "आई, म्हणजे हा पण बोअर झाला होता," मुलगा म्हणाला, आणि मग तिथून हलेचना. घुमटाकडे त्याने नंतर बघितलं, हाफदानला काय दिसत असेल ते बघायला म्हणून.

लूव्हरलाही थोडंफार तेच. मोनालिसासमोर फोन उंचावलेली गर्दी, चित्र जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटर, आणि आमची लेक तिच्याकडे पाठ करून उभी. मी रागावणारच होते. पण समोरच्या भिंतीवर वेरोनेझेचं लग्नाच्या मेजवानीचं ते अवाढव्य चित्र आहे ना, जवळजवळ दहा मीटर रुंद, तिला त्यातली उजव्या कोपऱ्यातली मांजर सापडली होती, एका रांजणाशी खेळणारी. एवढे पाहुणे, मधोमध साक्षात येशू, आणि मांजरीला काही पडलेलं नाही. अठरा वर्षांखालच्यांना लूव्हर फुकट आहे, त्यामुळे मी गप्प बसले.

थांब्याचं मला हल्ली जास्त बरं वाटतं ते याचसाठी बहुतेक. आठ दिवसांच्या सहलीत 'आलोच आहोत तर' ला रान मोकळं असतं, थांब्यात ते चालतच नाही. साडेपाचला परत निघायचंय हे मुलांना सकाळीच माहीत असतं, आणि शेवट माहीत असला की ती कुठेही यायला तयार होतात, जरा मागे मागे चालत का होईना.

अ‍ॅमस्टरडॅमला तर आम्ही त्यांना सोडूनच दिलं. दोघांचे फोन चार्ज, पॉवर बँक खिशात, दोन तासांनी स्टेशनच्या दर्शनी बाजूला घड्याळाखाली भेटायचं. अर्ध्या वाटेत लेकीचा फोटो आला, "आई हे घड्याळ बिघडलंय." त्या १८८९ सालच्या इमारतीला दोन मनोरे आहेत आणि दोन्हींवर तबकड्या, पण डावीकडच्या तबकडीवर वेळ नाही, वाऱ्याची दिशा दिसते. जहाजांचं गाव ते. तर उजवीकडच्याखाली, असं कळवलं.

आम्ही दोघं कालव्याकाठी एका बाकावर बसलो. हातात पूर्ण दोन तास, कुणाला ओढायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. नवरा जरा वेळाने म्हणाला, आलोच आहोत तर. मी म्हटलं, बस गप.

मुलं पंधरा मिनिटं उशिरा आली, केस वाऱ्याने विस्कटलेले. काय बघितलंत? "काही नाही, बोट." स्टेशनच्या मागच्या बाजूने पलीकडच्या काठाला फेरीबोट जाते, सायकलवाले, कामाला जाणारे लोक, तिकीट नाही, चार-पाच मिनिटांत पलीकडे. तिच्यावर बसून ही दोघं पलीकडे गेली, अलीकडे आली, पुन्हा पलीकडे, पुन्हा अलीकडे. दोन तास. म्युझियमं, कालवे, ते सगळं शहर पाठीमागे तसंच. आणि त्या बोटीवर काहीतरी झालं, एक माणूस होता, आणि त्याचा कुत्रा, की कुत्रा दुसऱ्याचा होता, एवढंच मला माहितीये. अजूनही जेवताना दोघांपैकी कुणीतरी एकच शब्द म्हणतं आणि दुसऱ्याला ठसका लागतो. मी विचारून बघितलं. "जाऊ दे आई, तुला नाही कळणार. तू नव्हतीस ना." नव्हते खरी.