लिनोलेइक कमी, अ‍ॅराकिडॉनिक भरपूर

रबाळे एमआयडीसीतल्या लॅबमध्ये त्या दिवशी निरोगी मुलांचे प्लाझ्मा नमुने फॅटी अ‍ॅसिडसाठी लावले होते. वयानुसार संदर्भमर्यादा ठरवायच्या होत्या. एका नोंदीत वय ३ वर्षं आणि आलेख चक्रावणारा: लिनोलेइक अ‍ॅसिड (शरीराला स्वतः बनवता येत नाही, खाद्यतेलातून मिळतं) खूप कमी, मीड अ‍ॅसिड वर. आवश्यक फॅटी अ‍ॅसिडची कमतरता असली की असंच दिसतं. लिनोलेइक मिळेनासं झालं की एरवी त्याच्यावर चालणारी एन्झाइम शरीर ओलेइक या दुसऱ्या फॅटी अ‍ॅसिडवर वापरून मीड बनवतं. पण खातंपितं मूल, घरात रोज फोडणी. कमतरता येणार कुठून?

आधी प्रक्रिया तपासली. १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा, तुलनेसाठी मोजून घातलेलं सी-१७ मानक (१७ कार्बनचं फॅटी अ‍ॅसिड), मिथेनॉल, अ‍ॅसिटाइल क्लोराइड, १०० अंशांवर तासभर. झाकण सैल राहिलं तर सॉल्व्हंट उडून जातो, पण मग आलेखातली सगळीच शिखरं (प्रत्येक फॅटी अ‍ॅसिडचं एक) बिघडतात, एकटं लिनोलेइक नाही. नमुना बाहेर राहून ऑक्सिडाइझ झाला म्हणावं, तर आधी डीएचए, म्हणजे चटकन ऑक्सिडाइझ होणारं ओमेगा-३ फॅटी अ‍ॅसिड, घसरायला हवं. इथे ते चढंच होतं. अ‍ॅराकिडॉनिकही भरपूर, आणि गाठ तिथेच सुटली. खऱ्या कमतरतेत लिनोलेइकपासून बनणारं अ‍ॅराकिडॉनिकही उतरतं, मीडचं त्याच्याशी गुणोत्तर ०.२ च्या वर जातं. इथे ते पुष्कळ खाली होतं.

ही ठेवण नवजात बाळाची. गर्भात असताना वार (प्लॅसेंटा) अ‍ॅराकिडॉनिक आणि डीएचए बाळाकडे आवर्जून पोचवते; लिनोलेइक त्यामानाने कमी जातं. दूध सुरू झालं की काही आठवड्यांत लिनोलेइक चढतं आणि त्या दोघांचा टक्का उतरतो. किती चढेल, ते बरंचसं आईच्या खाण्यातल्या तेलावर: करडई-सूर्यफूल असेल तर जास्त, पाम असेल तर कमी.

ऐरोलीच्या संकलन केंद्राला फोन लावला. फॉर्मवर नुसता ‘३’. पुढचं ‘वर्षे’ सॉफ्टवेअरनं आपणहून लावलेलं. बाळ ३ दिवसांचं. ट्यूबमध्ये जेमतेम अर्धा मिली रक्त, तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती.

आता जन्मतारखेशिवाय नोंद पुढे सरकत नाही. त्याच खेपेतल्या ‘१’ आणि ‘२’ वयाच्या ट्यूबही पुन्हा विचारून घेतल्या. एक ‘२’ महिन्यांचा निघाला. त्याचं लिनोलेइक तोवर इतकं वर आलं होतं, की नुसत्या आलेखावरून तो कधीच सापडला नसता.