चेंबेच्या शाळेतील गोळ्यांचा दिवस

मलावी देशाच्या दक्षिणेकडील मांगोची जिल्ह्यात, मलावी सरोवरापासून जवळच असलेल्या एका मिशनच्या दवाखान्यात मी आणि माझे पती सेवेला आहोत. मी परिचारिका म्हणून निवृत्त झाले आणि ते विज्ञानाचे शिक्षक म्हणून. साठी ओलांडल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीने आम्हाला इकडे पाठवले, तेव्हा आम्ही प्रवचने द्यावीत अशी कोणाची अपेक्षा नव्हती. मी बाह्यरुग्ण विभागात बसावे, त्यांनी औषधांच्या साठ्याची नोंदवही सांभाळावी आणि संध्याकाळी मुलांचे गणित घ्यावे, एवढेच ठरले होते. उजाडायच्या आत मच्छरदाणी गुंडाळायची, दोघांनी मिळून प्रार्थना करायची, गाळलेले पाणी भरून ठेवायचे, आणि मग दवाखान्याच्या वाटेवर भेटेल त्या प्रत्येकाची थांबून विचारपूस करायची, कारण त्याशिवाय येथे कोणतेही काम सुरू होत नाही. आम्हा दोघांनाही सगळे ‘अगोगो’, म्हणजे आजीआजोबा म्हणतात, आणि तो मान आम्हाला मनापासून आवडतो.

ज्या दिवसाविषयी लिहिते आहे, त्या दिवशी सरोवराकाठच्या केप मॅकलियरला चेंबे गावातील शाळेत बिलहार्झियाच्या, म्हणजे पाण्यातून होणाऱ्या जंतांच्या एका आजारावरच्या, गोळ्या द्यायच्या होत्या. काम दुपारपर्यंत संपले तर तेथील जुनी मिशनरी स्मशानभूमी आणि ऑटर पॉइंटचे रंगीत मासे पाहून यायचे, असे आम्ही ठरवले होते. हा सारा परिसर मलावी सरोवर राष्ट्रीय उद्यानाचा आहे आणि 1984 पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे.

शाळेच्या दारापाशी उंची मोजण्याची पट्टी लावली होती. गोळ्या 600 मिलिग्रॅमच्या असतात, आणि किती द्यायच्या हे मुलाच्या उंचीवरून ठरते. वजनकाटा नसलेल्या ठिकाणी ही पद्धत फार सोयीची आहे. पट्टीवरील सर्वात खालची खूण 94 सेंटीमीटरवर असते आणि तिच्याखाली राहणाऱ्या बालकाला या पद्धतीने गोळी देत नाहीत. प्राझिक्वांटेल हे या गोळ्यांतले औषध कडू असते आणि रिकाम्या पोटी घेतले तर मळमळते, म्हणून मुलांना आधी मक्याची पेज दिली होती. मुले एकामागून एक पट्टीला पाठ टेकून उभी राहत, गोळी गिळत, तोंड वाकडे करत आणि मैदानात पळत.

एका मुलाला त्याच्या शिक्षिकेने हाताला धरून माझ्याकडे आणले. दहा-अकरा वर्षांचा असावा. बराच वेळ तो पायांकडे पाहत उभा राहिला आणि मग लघवी लाल होते असे हळूच म्हणाला. मागच्या मुलांपैकी एकाने लगेच सांगितले की ते सगळ्यांनाच होते, मोठे होऊ लागल्याची ती खूण आहे. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या आसपासच्या मोठ्या भावांना तसेच झालेले त्याने पाहिले होते. ज्या गावात बहुतेक मुलग्यांच्या लघवीतून रक्त जाते, तेथे ते आजारपण आहे असे वाटण्याचे काही कारणच उरत नाही.

त्याची लघवी तपासायला आम्ही सूक्ष्मदर्शक सोबत नेला होता. माझ्या पतींनी काच सरकवून बघितले आणि मला बोलावले. अंड्याच्या एका टोकाला बारीक काटा स्पष्ट दिसत होता. मूत्राशयाच्या बिलहार्झियाची हीच ओळख. लघवीवाटे अंडी पाण्यात जातात, त्यातून निघालेली अळी एका छोट्या गोगलगाईत शिरते, तेथे तिच्यापासून असंख्य नव्या अळ्या तयार होतात, आणि त्या पाण्यात उतरणाऱ्या माणसाच्या त्वचेतून काही मिनिटांत आत जातात. वर्षानुवर्षे असे होत राहिले की मूत्राशयाची भिंत कठीण होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, कर्करोगाचाही धोका असतो.

मला त्याहून अधिक काळजी वाटते ती मुलींची. हीच अंडी स्त्रियांच्या जननमार्गात अडकून जखमा करतात, आणि त्या जखमांमुळे एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. दवाखान्यात येणाऱ्या बाईला होणारा त्रास पुष्कळदा गुप्तरोग समजला जातो, नवरा संशय घेतो, ती परत येत नाही. तिला झालेला आजार प्रत्यक्षात ती लहानपणी धुणे धुवायला पाण्यात उभी राहिली म्हणून झालेला असतो. ही गोष्ट मी रांगेतल्या मोठ्या मुलींना शिक्षिकेच्या मदतीने बाजूला नेऊन सांगितली. त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम मी तेच मानते.

काम संपले तेव्हा ऊन कलू लागले होते. स्मशानभूमीत आम्ही थोडाच वेळ थांबलो. स्कॉटलंडच्या फ्री चर्चने 1875 मध्ये येथे लिव्हिंगस्टोनिया मिशनची सुरुवात केली, आणि हिवतापाने इतके बळी घेतले की 1881 मध्ये मिशन उत्तरेला बांदावे येथे हलवावे लागले. दक्षिण आफ्रिकेतील लव्हडेल या मिशनच्या शिक्षणसंस्थेतून 1876 साली स्वेच्छेने आलेल्या, तेथील खोसा समाजाच्या चार तरुणांपैकी शॅड्रॅक न्गुनाना यांचा शेवटही याच भागात, दुसऱ्याच वर्षी झाला. मिशनचा इतिहास सांगताना गोऱ्या माणसांची नावे आधी येतात. माझ्या पतींनी प्रार्थनेत न्गुनाना यांचे नाव आवर्जून घेतले.

ऑटर पॉइंटला मात्र आम्ही खूप वेळ बसलो. मोठमोठ्या गुळगुळीत शिळांमधले पाणी इतके नितळ होते की निळे, पिवळे, पट्ट्यांचे म्बुना मासे वरूनच दिसत होते. या सरोवरात माशांच्या शेकडो जाती आहेत आणि त्यांतील बहुतेक जगात दुसरीकडे कोठेही आढळत नाहीत. मत्स्यगरुड झाडावरून ओरडत होता. आम्ही पाण्यात उतरलो नाही. पाहण्यानेच मन भरून आले.

होडीवाल्या म्हाताऱ्याशी माझ्या पतींचे बोलणे निघाले. त्याच्या तरुणपणी गावासमोरच्या वाळूत गोगलगाई खाणारे मासे खूप असत, आता ते जाळ्यात येत नाहीत, असे तो म्हणाला. त्याच्या म्हणण्याला संशोधनाचाही आधार आहे. घशातल्या दाढांसारख्या दातांनी शिंपले चुरडणारी ट्रेमाटोक्रेनस ही जात काठाजवळच्या बेसुमार मासेमारीने घटली, आणि 1980 च्या दशकानंतर येथे बिलहार्झिया वाढण्याचे ते एक कारण असल्याचे शास्त्रज्ञांनी मांडले आहे. उद्यानाच्या हद्दीत किनाऱ्यापासून शंभर मीटरपर्यंत मासेमारीला मनाई आहे, पण गावाचा काठ त्या हद्दीबाहेर पडतो आणि कुटुंबाचे पोट माशांवर असते. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेले अंडे आणि दुपारी ज्यांच्यासाठी आम्ही आलो ते मासे, यांचा इतका जवळचा संबंध आहे हे परमेश्वराच्या सृष्टीविषयी मला फार काही शिकवून गेले.

परतताना त्या मुलाची आई काठावर भांडी घासताना भेटली. मी तिला सर्व समजावले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, “अगोगो, पाणी तर इथेच आहे. मी जाऊ कुठे?” तिचा प्रश्न योग्य होता. पिण्याचे पाणी ती हातपंपावरून आणते, पण धुणे आणि अंघोळ यांना हातपंपाची रांग पुरी पडत नाही. सरोवरातले पाणी भरून दोन दिवस झाकून ठेवले तर त्यातल्या अळ्या मरतात, हे मी तिला सांगितले. तेवढ्यासाठी जास्तीच्या बादल्या लागतील, असे ती म्हणाली. गोळीने मोठे जंत मरतात, नुकतेच शिरलेले मरत नाहीत, म्हणून काही आठवड्यांनी मुलाची लघवी पुन्हा तपासायला हवी, हेही मी तिला समजावले.

घरी आल्यावर माझ्या पतींनी नोंदवहीत त्या मुलाच्या नावापुढे फेरतपासणीची तारीख घातली आणि त्याखाली झाकणाच्या बादल्यांची मागणी लिहिली. पुढच्या फेरीला शाळेत गोगलगाय आणि मासा यांचा पाठ घेण्याची परवानगी त्यांनी मुख्याध्यापकांकडून आधीच मिळवली होती.