बोटं नको, पूर्ण हात द्या

शेकहँड करताना बायकांच्या हाताला नुसती चार बोटं टेकवून लगेच काढून घेणारे पुरुष बघितले की मला खरंच वाईट वाटतं, त्याबद्दल कधीपासून लिहायचं होतं. मी सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या एका युनिटमध्ये ऑर्डरचं काम बघते, म्हणजे शाळावाले, हॉस्पिटलवाले, बाहेरगावचे व्यापारी, मधूनच गल्फमधले खरेदीदार, यांच्याशी पहिलं बोलणं माझंच होतं आणि पहिल्या भेटीत शेकहँड होतोच. शेजारी आमचे मॅनेजर असतात. समोरचा माणूस त्यांचा हात घट्ट धरतो, वर दुसरा हात ठेवतो, "काय मालक, बरंय ना" म्हणतो, आणि माझ्याकडे वळला की तोच हात एकदम सैल पडतो, बोटांची टोकं लागली न लागली की मोकळा. यातल्या बहुतेकांचा हेतू चांगलाच असतो, बाईमाणसाचा हात जोरात धरू नये असं घरात सांगितलेलं असतं, ते मला कळतं. पण त्या दोन सेकंदांत रेट कुणाशी बोलायचा हे त्यांच्या मनात ठरून जातं आणि मग कापडाचा जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, ते मी सांगत असते तरी माणूस मॅनेजरांकडेच बघून मान हलवतो.

मुळात चांगला शेकहँड जोरावर नसतोच. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे जे बेचकं असतं ते समोरच्याच्या बेचक्याला भिडलं पाहिजे, मग तळव्याला तळवा आपोआप लागतो आणि बोटं पलीकडे बसतात, एवढं झालं की अर्धं काम झालं. बेचकं न भिडता मधेच पकडलं तर सगळा दाब बोटांच्या सांध्यांवर येतो, म्हणून दुखतं, आणि हातात अंगठी असेल तर अजूनच. पूर्ण तळवा धरला तर तेवढाच जोर पसरतो, दुखत नाही. म्हणजे "बाईला दुखेल" म्हणून जे बोटांनी धरतात ते खरं तर दुखायची जागाच पकडतात! दोन-तीन वेळा हलवायचं, डोळ्यात बघायचं, नाव सांगायचं, सोडायचं.

यावर अभ्यासही झालेत. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात विल्यम चॅप्लिन आणि सहकाऱ्यांनी ११२ विद्यार्थ्यांचे शेकहँड तपासले, २००० साली ते छापून आलं. त्यांनी हात किती जोरात धरला एवढंच नाही बघितलं, पकड पूर्ण आहे का, किती वेळ धरला, हलवण्यात जीव आहे का, डोळ्यात बघितलं का, हे सगळं मिळून मोजलं. ज्यांचा शेकहँड असा पक्का ते जास्त मोकळे, बोलके आणि कमी बुजरे निघाले, आणि पक्का शेकहँड करणाऱ्या मुलींबद्दल पहिलं मत चांगलं झालं. नाहीतर आपल्याकडे भीती असते ना की मुलगी घट्ट हात धरते म्हणजे आगाऊ वाटेल, ते तिथं दिसलं नाही. मग २००८ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या ग्रेग स्टुअर्ट यांच्या टीमचा अभ्यास आला, ९८ विद्यार्थ्यांच्या सरावाच्या मुलाखती घेतल्या, आणि ज्यांचा शेकहँड चांगला त्यांना नोकरीसाठी जास्त पसंती मिळाली, आणि हा फरक मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त असावा असं त्यांना दिसलं. हे वाचलं तेव्हापासून मी हा विषय सोडलाच नाही.

पण जोर कमी म्हणजे स्वभाव मिळमिळीत असं धरणं मला अजिबात पटत नाही. हाताच्या पकडीची ताकद हा तब्येतीचा भाग आहे, १७ देशांत सुमारे १ लाख ४० हजार लोकांची पकड मोजून केलेला एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आला होता, त्यात पकड कमी असलेल्यांना पुढच्या काळात मृत्यूचा धोका जास्त दिसला. म्हणजे सैल हातामागे दुखणं असू शकतं, संधिवात असू शकतो, वय असू शकतं. आमच्या शहरात तर किती बायांची बोटं विड्या वळून वळून आखडलेली असतात, त्यांचा हात हातात घेताना जोर कसला दाखवायचा. समोरच्याने जेवढं धरलं तेवढंच आपण धरायचं.

ओल्या हाताचंही तसंच. सोलापूरचा मे महिना, पारा चाळिशीच्या वर, कुणाचा हात कोरडा राहणारे? काहींना तर थंडीतही तळहाताला घाम सुटतो, त्याला हायपरहायड्रोसिस म्हणतात, स्किनच्या डॉक्टरकडे त्यावर उपचार असतात, घाबरण्याशी दरवेळी त्याचा संबंध नसतो. अशा माणसाशी हात मिळवून लगेच पँटला हात पुसणारे लोक मी बघितलेत, किती लागत असेल त्याला. आपल्या हाताला घाम येत असेल तर रुमाल उजव्या खिशात ठेवायचा आणि उसाच्या रसाचा गार ग्लास डाव्या हातात धरायचा.

हाडं मोडतील इतक्या जोरात हात दाबणाऱ्यांबद्दल मला फार लिहायचं नाही. आपला तळवा वर आणि समोरच्याचा खाली दाबून धरणारेही त्यातलेच. ही माणसं मीटिंगमध्ये दुसऱ्याला बोलू देत नाहीत असा माझा अनुभव आहे.

आणि शेकहँड हेच एकमेव बरोबर असंही मी म्हणत नाही. आमच्या सोलापुरात एका गल्लीत चार पद्धतीने नमस्कार होतो. लिंगायत घरात गेलं की हात जोडून शरणू शरणार्थी, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली आजोबांना नमस्कारम, मुस्लिम चाचा सलाम करून दोन्ही हातांनी मुसाफा करतात, म्हणजे हात मिळवतात, आणि पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, तिथं वारकरी वय न बघता एकमेकांच्या पाया पडतात, समोरचा लहान असला तरी माऊलीच. मला ही पाया पडायची रीत लई आवडते कारण तिथं दोघंही वाकतात. जनावरांच्या बाजारातला हत्ता तर वेगळीच गोष्ट, सांगोल्याला रविवारी खिलार बैलांचा व्यवहार करणारे जुने दलाल रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव सांगतात, तोंडाने आकडा निघत नाही आणि शेजारच्याला पत्ता लागत नाही. हातातून काय काय सांगता येतं हे आपल्या माणसांना शिकवायला लागत नाही.

म्हणूनच कुणी नुसती बोटांची टोकं दिली की त्यातून काय सांगितलं जातंय ते मला समजतं.

बगदादच्या म्युझियममध्ये एक दगडी सिंहासनाचा पाया आहे, इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला, त्यावर असीरिया या आत्ताच्या इराकमधल्या जुन्या राज्याचा राजा तिसरा शाल्मनेसर शेजारच्या बाबिलोनच्या राजाचा हात हातात घेऊन उभा आहे. मी फोटोच बघितलाय, पण त्यात दोघंही समोरासमोर, बरोबरीचे दाखवलेत. बरोबरी दाखवायलाच हात मिळवतात, माझं म्हणणं एवढंच आहे.

आता गल्फच्या खरेदीदारांचं. तिकडे पुरुषांमध्ये हात बराच वेळ धरून ठेवतात, पकड मऊ असते, लगेच ओढून घेतला तर तुसडेपणा वाटतो, त्यामुळे आमच्या मुलांना सांगावं लागतं की सोडायची घाई करू नका. काही जण परक्या बाईशी हात मिळवत नाहीत, छातीवर हात ठेवून मान लववतात. मला यात अपमान वाटत नाही, कारण ते माझ्याकडे बघून, थांबून करतात. मीही तसंच करते किंवा हात जोडते. म्हणून बाईने हात पुढे केल्यावरच हात द्यावा ही जुनी रीत मला अजूनही बरी वाटते, वयाने मोठ्या माणसांच्या बाबतीतही तेच. त्यांनी हात जोडले तर आपणही जोडायचे, पुढे केलेला हात तसाच ठेवून त्यांना अवघडवायचं नाही.

नवीन मुली कामाला लागल्या की मी त्यांच्याकडून हे करून घेते. पहिल्यांदा हसतात, बोटंच पुढे करतात, मग बेचकं भिडवायला सांगितलं की जमतं. सॅम्पलची बॅग डाव्या खांद्यावर, फाईल आणि मोबाईल डाव्या हातात, साडी असेल तर पदर आधीच पिन केलेला, उजवा हात पूर्ण मोकळा. खुर्चीत बसलेल्या असाल तर उठून उभं राहायचं. आणि समोरच्याने फक्त बोटं दिलीच तर हात न सोडता अर्धं पाऊल पुढे टाकायचं, हात आपसूक आत सरकतो आणि तळवा तळव्याला लागतो.