पंचवीस हजारात टर्बो आणि कोराडीचे काका

टर्बो बसवायचा म्हणून येणारे पोट्टे काही नवीन नाहीत आमच्याकडं. नागपुरात ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडं आमचं गॅरेज आहे, मूळ धंदा डिझेल गाड्यांचे टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) रिपेअर करायचा, त्यामुळे ज्याला त्याला वाटते की इथं टर्बो वडापावसारखे मिळतात. मे महिन्याची दुपार, बाहेर ४४ डिग्री, आम्ही अर्धं शटर पाडून कूलरसमोर बसलो होतो आणि हा पोट्टा पांढरी एस्टीम घेऊन आला. २००६ ची गाडी, एमपीएफआय म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबानं पेट्रोल सोडणारी, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे म्हणाला. डिकीत गोणपाटात गुंडाळलेला स्विफ्ट डिझेलचा टर्बो, कबाड्याकडून सहा हजारात घेतलेला.

"दादा, बजेट बिल्ड करायची आहे, मी सगळा प्लॅन केला आहे," म्हणून त्यानं मोबाईल माझ्या हातात दिला. टर्बो सहा हजार, मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर टर्बोपर्यंत नेणारा पाईप) पाच, पाईप तीन, सेकंडहँड इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी) चार, वेल्डिंग आणि मजुरी सात. झाले पंचवीस. ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याच्या पुढं लिहिलं होतं 'जमलं तर'.

एक सांगतो, प्लॅन अगदीच भैताड नव्हता. एस्टीमचं ते जी१३बीबी इंजिन, ७४ चा बोअर, साडे-पंचाहत्तरचा स्ट्रोक, १२९८ सीसी, ८५ घोडे, जिप्सीलाही तेच आणि पहिल्या स्विफ्टलाही तेच, त्यामुळे पार्ट सगळीकडं मिळतात आणि गाडी हलकी. अन तो डिझेल टर्बोही १.३ च्याच इंजिनाचा. डिझेल चार हजारावर एक बारच्या वर बूस्ट (कोंबलेल्या हवेचा जादा दाब) घेऊन जेवढी हवा ओढते जवळपास तेवढीच हवा हे पेट्रोल इंजिन साडेपाच हजारावर ०.४ बारला ओढेल, म्हणजे कॉम्प्रेसरच्या, हवा दाबणाऱ्या बाजूनं कागदावर हिशोब जुळतो. पोट्ट्यानं हे गणित स्वतः केलं होतं, मला आवडलं ते.

घोळ दुसऱ्या, म्हणजे धुरानं फिरणाऱ्या टर्बाइनच्या बाजूनं आहे. डिझेलचा धूर फार तर सातशे-आठशे डिग्रीला येतो, पेट्रोल जोरात पिळलं की नऊशेच्या वर जाते. डिझेलच्या टर्बाइनचं मटेरियल त्या हिशोबाचं नसते, शिवाय या टर्बोला पाण्याची वाट नाही, बेअरिंग फक्त तेलावर थंड होते. गाडी तापवून आणली अन लगेच चावी फिरवली की तेल जागेवर थांबते, टर्बाइनची गरमी शाफ्टवरून आत येते आणि तेलाचा कोळसा होतो. आमच्या टेबलावर असे जळलेले शाफ्ट ढिगानं येतात, ते पण डिझेल गाड्यांचे, जिथं गरमी कमी आहे. आणि तिसरं म्हणजे वेस्टगेटचं (जादा धूर टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) भोक छोटं, वरच्या आरपीएमला सगळा धूर तिथून निघत नाही, मग तुम्ही ०.४ ला लावा, बूस्ट आपला आपण ०.७-०.८ ला चढत जाते आणि कंट्रोल करायला काहीच नसते.

हे सांगत होतो तेवढ्यात पोट्ट्याचा चेहरा उतरला. माझ्यामुळं नाही, शटरखालून वाकून एक काका आत आले म्हणून. बाप. एस्टीम त्यांच्याच नावावर. घरून विचारून न आणलेली गाडी, आता इथं तमाशा होणार, मी माझ्या माणसाला डोळ्यानंच खुणावलं की पाणी आण.

काका काही बोलले नाहीत. गोणपाट उघडलं, टर्बो उचलला, शाफ्टचं टोक दोन बोटात धरून आधी आडवं हलवलं मग आतबाहेर ओढून पाहिलं. "अ‍ॅक्सिअल प्ले नाही दिसत. रेडियल आहे, पण हे तर जर्नल बेअरिंग आहे न भाऊ, तेलाची फिल्म आली की घेईल वर?"

मी पाहतच राहिलो. तेलाच्या थरावर शाफ्ट तरंगणाऱ्या अशा बेअरिंगमध्ये आडवा (रेडियल) प्ले थोडा असतोच, आतबाहेरचा (अ‍ॅक्सिअल) नको. पण रोज जे टर्बो आणतात ते आडवा प्ले पाहून "खराब झाला" म्हणून बोंब मारतात, या माणसाला पहिल्या हातात फरक कळला. विचारलं तर म्हणाले कोराडीला होतो, पॉवर हाऊसला, टर्बाइन मेंटेनन्स, २१० मेगावॅटच्या सेटवर, आता रिटायर. मग काय, पुढचे दोन तास पोट्टा बाजूला आणि आम्हीच दोघं.

"हे किती आरपीएमवर फिरते?" त्यांनी विचारलं.

"दीड-दोन लाख, छोटा टर्बो त्याच्याही वर."

"बाप्पा! आमचा रोटर तीन हजारावर फिरे. अन बंद करतानी किती वेळ तेल चालू ठेवता?"

मी म्हटलं काका, चावी काढली की तेल बंद. ते अक्षरशः हसले. त्यांच्याकडं सेट ट्रिप झाला, म्हणजे गडबड दिसून आपोआप बंद पडला, तरी तेलाचा पंप चालूच राहते, रोटर बॅरिंग गिअरवर तासनतास हळूहळू फिरवत ठेवतात, नाहीतर गरम शाफ्ट वाकते. "आम्ही ५४० डिग्रीच्या वाफेले एवढं भेत होतो, अन तू नऊशेवर डायरेक्ट तेल बंद करतो?" हे पोराकडं बघून. मी सांगितलं की म्हणूनच पेट्रोल गाडीचाच टर्बो पाहा, लिनिया टी-जेटचा वगैरे, पाण्याचं जॅकेट असलेला, इंजिन बंद केल्यावरही पाणी आपोआप थोडं फिरत राहते आणि बेअरिंगची गरमी ओढते. त्याला पैसे जास्त, पण टर्बो हा या कामातला तसाही मोठा खर्च नाहीच, हे लोकांना पटत नाही.

मग मी म्हटलं कागदावर बोलण्यापेक्षा इंजिन काय म्हणते ते बघू. प्लग काढले, कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती पीएसआय दाब बनते ते मोजलं. १७८, १७५, १५२, १७६. तिसऱ्यात घोटाळा. चारही सिलिंडरमध्ये चौदा-पंधरा पीएसआयपेक्षा जास्त फरक नको, इथं पंचवीसच्या आसपास. थोडं इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून टाकून परत घेतलं तर १७० ला गेलं, म्हणजे तेलानं फट बुजली, व्हॉल्व्ह ठीक आहेत, पिस्टनच्या रिंगा गेल्या. अशा इंजिनात बूस्ट घातलं की गॅस रिंगांवरून खाली तेलाच्या चेंबरमध्ये जाते, तिथं प्रेशर बनलं की टर्बोचं तेल परत खाली उतरत नाही, सील मारून सायलेन्सरमधून निळा धूर सुरू. लोक टर्बोला शिव्या देतात अन रोग खाली असते.

पोट्ट्याचं म्हणणं, बूस्ट कमी ठेवू, फक्त ६ पीएसआय, नॉकिंग (गरमीनं मिश्रण आपोआप भडकून होणारी ठोकठोक) नाही होणार. तर त्याला गाडीतच बसवलं. एअर फिल्टरच्या डब्यात थर्मोकपल (तापमान मोजायचा सेन्सर) टाकला, वायर खिडकीतून आत घेतली आणि ऑटोमोटिव्ह चौकातून इंदोऱ्याकडं चक्कर मारली. काका मागच्या सीटवर, एसी बंद, कारण एसीचा कॉम्प्रेसर किती वर्षांपासून मेलेला आहे देव जाणे. बाहेर ४४, सिग्नलला उभं राहिलो तर डब्यातली हवा ६३. चालत्या गाडीत ५१ च्या खाली काही आली नाही.

आता हिशोब करा. समजा चांगला पाईप टाकून ४५ ची हवा टर्बोला दिली. ६ पीएसआय म्हणजे ०.४ बार, प्रेशर रेशो १.४, कॉम्प्रेसरची एफिशिअन्सी ६५ टक्के धरली तर बाहेर येणारी हवा ९४ डिग्री. इंटरकूलर नसेल तर ८५ चे जेमतेम १०३ घोडे होतात अन नऊ-साडेनऊच्या कॉम्प्रेशनवर नॉकिंगची हमी. बऱ्यापैकी इंटरकूलर लावला तर हवा साठच्या आसपास येते, घोडे ११३ आणि नॉकिंगला जागा राहते. डिसेंबरात वीस डिग्रीला हीच गाडी इंटरकूलरशिवायही ६५ वर राहील, म्हणून हिवाळ्यात ट्यून केलेली गाडी एप्रिलात पिस्टन फोडते. नागपुरात गाडी मे महिन्यातच ट्यून करायची, घाम निघाला तर निघू द्या.

पेट्रोलचंही सांगतो. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे (गडकरी साहेबांच्याच गावात राहतो, तक्रार कुठं करणार), आणि टर्बोसाठी म्हटलं तर इथेनॉल वाईट नाही, नॉकिंगला उलट मदतच करते. पण हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ चं साडेतेराच्या आसपास येते, म्हणजे इंजेक्टरला जास्त ओतावं लागते. ११५ घोड्यांसाठी साध्या पेट्रोलवर एका इंजेक्टरला सव्वादोनशे सीसी मिनिटाला लागतात, ई२० वर अडीचशेच्या आसपास धरा, मी २७० च्या खालचे लावतच नाही. २००६ च्या गाडीचे रबरी पाईप तर बदलावेच लागतात. आणि मूळ ईसीयूला हे काहीच कळत नाही, त्याचा मॅप सेन्सर वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो, त्याच्यापुढं तो आंधळा. प्रेशर रेग्युलेटर पिळून जास्त पेट्रोल पाठवायचा जुगाड चालतो मार्केटमध्ये, मी करत नाही, ठिणगीचं टायमिंग कोण मागं घेणार मग?

काकांनी खिशातून डायरी काढली आणि विचारलं, "ट्रिप कुठं आहे?"

मला क्षणभर कळलं नाही.

"आमच्याकडं ओव्हरस्पीड झालं तं सेट ट्रिप होते. तेलाचं प्रेशर गेलं तं ट्रिप. व्हायब्रेशन वाढलं तं ट्रिप. वेस्टगेटची नळी निघाली, बूस्ट चढत गेलं, तं तुमचं ट्रिप काय आहे?"

खरं सांगू, टर्बो घेऊन आलेल्या कोणाच गिऱ्हाईकानं मला हा प्रश्न विचारलेला नाही. सगळे विचारतात किती घोडे, बीओव्हीचा (जादा बूस्ट फुस्स करून सोडणारी झडप) आवाज येईल का. मी त्यांना सांगितलं की वेगळा ईसीयू लावला तर बूस्ट ८ पीएसआयच्या वर गेलं की पेट्रोल कट करता येते, हवा तापली की टायमिंग मागं घेता येते, वाइडबँड सेन्सरनं मिश्रण पातळ दिसलं की कट, तेलाचं प्रेशर पडलं की कट. "मंग हे 'जमलं तर' मध्ये काहून लिहिलं बे?" पोट्टा गप.

मग माझा हिशोब लिहिला. ईसीयू आणि वायरिंग पन्नास हजार, वाइडबँड पंधरा, इंजेक्टर आणि पंप बारा, पेट्रोल गाडीचा टर्बो बनवून वीस-बावीस, मॅनिफोल्ड जाड पाईपचा आर्गन वेल्डिंग करून दहा-बारा, इंटरकूलर आणि पाईप दहा, तेलाच्या आणि पाण्याच्या लाइनी पाच, क्लच नऊ, रिंग-बेअरिंग-हेड गॅस्केटचं काम तीस, ट्यूनिंग वीस. पावणेदोन ते दोन लाख, माझी मजुरी धरून. तेवढ्यात आणखी टाकले की सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय येते, १०५ घोड्यांची, कंपनीची वॉरंटी नसली तरी कंपनीचं डोकं लावलेली. हे मी सगळ्यांना सांगतो, अन ऐकून अर्धे लोक परत जातात, जाऊ द्या.

आणि कायद्याचं. तेही लपवत नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, आरसीवर कंपनीनं दिलेलं जे स्पेसिफिकेशन आहे त्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच म्हटलं आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागं ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मालक म्हणजे काका. एमएच ३१ ची गाडी, पंधरा वर्षं झाल्यावर रीपासिंग करून आणलेलं, आणि ॲक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाला बोनेट उघडून टर्बो बघून काय म्हणेल ते वेगळं.

काकांनी डायरीत दोन कॉलम पाडले. एकात इंजिन काम, क्लच, कूलिंग, होजपाईप. दुसऱ्यात बाकी सगळं. म्हणाले पहिला कॉलम करा, तो कशातच अडकत नाही, आणि रिंगा गेलेल्या गाडीत फिरण्यात तसंही अर्थ नाही. दुसऱ्यावर पोरानं ट्रिपची पूर्ण लिस्ट करून आणायची, कोणती व्हॅल्यू, कोणता सेन्सर, काय बंद होईल, मग आरटीओत विचारू, नाही म्हणाले तं नाही. "टर्बो पिकनिकले घेऊन जायची वस्तू नोहे." पोट्टा म्हणाला, बाबा, मग कॉलेज संपेल. "संपू दे न."

मी मध्ये एवढंच म्हटलं की ईसीयू घेणारच असाल कधी तर टर्बोच्या आधी घ्या, साध्या इंजिनवर मॅप बनवायला शिका, तिथं चूक झाली तर गाडी झटके खाते फक्त. पोट्ट्याच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा थोडी जान आली.

इंजिन उतरवलं त्याच आठवड्यात. तिसऱ्याची वरची रिंग तुटलेली निघाली, बोअरला नखाला लागेल अशी रेघ, म्हणजे लेथवाल्याकडं बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन आले, तीसचं काम अडतीसला गेलं. काकांनी बिलावर घासाघीस केली, भरपूर केली.

स्विफ्टचा टर्बो कबाड्यानं परत घेतला नाही, तो काका घरी घेऊन गेले, खोलून बघतो म्हणाले. परवा रात्री साडेदहाला त्यांचा फोन, "भाऊ, कॉम्प्रेसरचा नट सुटून नाही राहिला, उलटे आटे आहेत का?" म्हटलं बऱ्याच टर्बोंना उलटेच असतात, पान्याला पाईप लावून जोर नका करू, आणि काढायच्या आधी नट, शाफ्ट आणि पंखा तिघांवर एका रेषेत खूण करा, नाहीतर बॅलन्स जाईल.

"खूण तं कालच केली," म्हणाले, अन फोन ठेवला.