कथेची उलगड, खेप सातवी: ‘दमले होते’ हे वाक्य कुणाचं?

‘आपण’ची कसोटी लागू पडली! तृतीयपुरुषी कथेत निवेदक कुठं थांबतो आणि पात्राचं मन कुठं बोलू लागतं, यावर मागच्या दोन खेपा अडल्या होत्या. पात्राचं मन ओळखायची इंग्रजी समीक्षेतली खूण म्हणजे भूतकाळी वाक्यात मध्येच आलेलं ‘आता’ किंवा ‘उद्या’. मराठीत तिच्यावर विसंबता येत नाही, कारण मनातला विचार इथं बहुधा आपला मूळ काळ धरूनच येतो.

सरावाचा उतारा तोच:

सुमननं दार उघडलं. दारात वडील उभे होते. इतक्या उशिरा? आपण कालच पत्र टाकलं, ते इतक्यात मिळालं असेल का? ती बाजूला झाली. बाबा आत आले. दमले होते.

चौथ्या वाक्यातलं ‘आपण’ म्हणजे एकटी सुमन. निवेदकानं स्वतःच्या तोंडानं ‘तिनं’ म्हटलं असतं. ‘असं तिला वाटलं’ ही शेपटी नसतानाही वाक्य तिच्या मनातलं ठरतं. फक्त दोन सापळे सांभाळा. एक, ‘आपण’च्या जागी ‘आपण दोघं’ किंवा ‘तुम्ही’ चपखल बसलं, तर ती खूण नव्हे. दुसरा जास्त फसवा: ‘सुमननं आपली पिशवी उचलली’ यातलं ‘आपली’ व्याकरणानं आलेलं आहे, मनानं नाही. ‘आपला-आपली-आपलं’ सरसकट मोजलं की अर्धी कथा पात्राच्या खात्यात जमा होते. कर्त्याच्या जागचं ‘आपण’ तेवढंच धरायचं.

नात्याचा शब्दही चांगली साथ देतो. ‘वडील’चं ‘बाबा’ झालं, तिथं आपण सुमनच्या अंगाला सरकलो. (‘वडील’ तरी पूर्ण तटस्थ कुठं आहे म्हणा! पण ‘बाबा’ तिच्या तोंडचा शब्द आहे.)

आता घोडं पेंड खातंय ते शेवटच्या दोन शब्दांवर. ‘दमले होते’ हे सुमननं पाहिलं, बाबांना जाणवलं, की निवेदकानं सांगितलं?

पहिला उपाय ‘मी’ घालून पाहण्याचा. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थनं १९६६च्या निबंधात तो सुचवला आहे: वाक्य प्रथमपुरुषी करा, तगलं तर दृष्टी त्या पात्राची. मराठीत क्रियापदही बदलावं लागतं. ‘मी बाजूला झाले. बाबा आत आले. दमले होते.’ तगलं. पण बाबांना ‘मी’ केलं, तर ‘मी आत आलो. दमलो होतो’ हेही तगतं! कसोटी दोन्हीकडून उत्तीर्ण, म्हणजे निकाल शून्य. तिचा खरा उपयोग नकार द्यायला होतो. ‘तिच्या चेहऱ्यावर लाली चढली’ यात ‘माझ्या’ घातलं की आरसा लागतो. ते वाक्य बाहेरून पाहिलेलं आहे.

दुसरा उपाय आदरार्थी रूपाचा. निवेदक बाबांना एरवी ‘म्हातारा’ म्हणत असेल, तर ‘दमला होता’ त्याचं आणि ‘दमले होते’ सुमनचं. पण तो ‘केशवराव’ म्हणत असेल, तर दोघांचंही रूप ‘दमले होते’च. म्हणजे निवेदकाची नेहमीची सवय आधी ठरवावी लागते. कादंबरीत त्यासाठी पानंच्या पानं असतात. कथेत नसतात. एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकी कथालेखकानं १८४२मध्ये कथेच्या वाचनाची मर्यादा अर्ध्या तासापासून एक-दोन तासांपर्यंत धरली होती. तेवढ्या जागेत कथा पहिल्याच ओळीला पात्राच्या डोक्यात शिरलेली असू शकते. अडचण कसोटीची कमी, कथा या प्रकाराची जास्त आहे.

हे लिहितानाच बेत बदलतोय. पहिल्या वाक्यापासून एकेक वाक्य निवेदकाच्या किंवा पात्राच्या रंगानं रंगवत जाणं बंद. आधी पूर्ण कथेत कोणत्याही पात्राला ठाऊक नसलेली माहिती देणारी वाक्यं शोधायची: पात्र झोपलेलं असताना घडलेलं, ते खोलीबाहेर गेल्यावरचं, पुढं काय होणार ते. अशी तीन-चार मिळाली, तरी त्यांतली संबोधनं आणि एकवचन-अनेकवचन हीच निवेदकाची सवय. मग त्या मापानं उरलेली वाक्यं. एकही मिळालं नाही, तर निवेदकाला स्वतंत्र आवाजच नाही, असं धरून पुढं जायचं.

साधनांबद्दल थोडंसं. जेल पेन नको. शाई पाठीमागे उतरते आणि मागच्या पानावरच्या खुणा वाचता येत नाहीत. वाक्यांना क्रमांक, निवेदकाला तांबडी पेन्सिल, पात्राला निळी, अनिर्णित कोरं. स्कॅन करून मजकूर काढण्यापेक्षा हातानं टंकलेलं बरं: यंत्र अवतरणचिन्हं आणि अनुस्वार गाळतं, आणि इथं अवतरणचिन्हावरच सगळं आहे. पाठ्यपुस्तकातली कथा तर घेऊच नका. ती बऱ्याचदा कापलेली असते आणि कात्री नेमकी अशाच ‘निरुपयोगी’ वाक्यांवर चालते.

‘दमले होते’ सध्या कोरं. फ्रेंच कथनमीमांसक जेरार जेनेतनं १९७२मध्ये ‘कोण पाहतं’ आणि ‘कोण बोलतं’ हे प्रश्न वेगळे काढले, तसे दोन रकाने करून पाहायला हवेत: पाहणारी सुमन, बोलणारा निवेदक, असं एकाच वाक्यात बसू शकतं. पुढच्या खेपेला उतारा तोच, पण ‘दमलेले दिसत होते’ आणि ‘दमलेच होते’ असे दोन पर्याय घालून. त्या ‘च’वर बरंच काही निघेल असा संशय आहे.